लवकर गेलेली पूर्वसूचना

ऑफिसात त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट कोण वाचतो? पन्नाशीला आलेला, अंगाने काटकुळा, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. खुर्चीशी त्याचं मागच्या जन्मीचं वैर असावं. दोन ओळी टाइप केल्या की उठायचा, खिडकीपाशी जायचा, खाली उभ्या असलेल्या टेम्पोंकडे बघायचा, परत यायचा आणि उभ्याउभ्याच स्क्रीनवर वाकून पुटपुटायचा, "बनवलं कुणी, निघालं कुठून, उतरणार कुठे?"

शेजारच्या टेबलावर गिऱ्हाइकांची बिलं करणारी बाई बसायची. तिला सगळे बिलवाली म्हणत. ती म्हणायची, "भिंगरी, तुमची खुर्ची मला पाय ठेवायला द्या. तशीही रिकामीच असते."

"घ्या. पण आधी हे वाचा. बनवणाऱ्याच्या रकान्यात मी विकणाऱ्याचं नाव नाही ना घातलं?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर तुम्हाला देतो. ज्याला कळतं तो वाचत नाही, तो फक्त मान डोलावतो."

बिलवाली कुरकुरत वाचायची, आणि कधीकधी खरोखरच चूक काढायची. मग भिंगरी इतका खूश व्हायचा की तिला वाटायचं, या माणसाला चूक नसण्यापेक्षा ती सापडण्यातच जास्त आनंद आहे.

परदेशी माल सोडवून देणाऱ्या या ऑफिसातलं त्याचं काम तसं एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. परदेशातून खाण्याचा कुठलाही माल येणार असला की तो उतरण्याआधी अन्न खात्याला कळवावं लागतं. त्याला म्हणायचं पूर्वसूचना. माल काय आहे, कुठल्या कारखान्यात बनला, कुठून निघाला, कशातून येतोय, कुठे आणि कधी उतरणार, घेणारा कोण. ही सूचना माल यायच्या काही तास आधी पोचलीच पाहिजे, आणि पंधरवड्यापेक्षा जास्त आधी देता येत नाही. दोन टोकांच्या मधली ही जी खिडकी, तिच्यात भिंगरीचं आयुष्य चाललं होतं.

वाक्य एक असलं तरी चुका शंभर व्हायच्या. ज्याने विकलं तो एक, ज्याने बनवलं तो दुसरा, ज्याने गोदामातून गाडीत चढवलं तो तिसराच. नवीन माणूस हमखास तिघांना एकाच नावाने हाक मारायचा. भिंगरी त्यांना समजावून सांगायचा, "तुमच्या घरी चहा करतं कोण? बायको. आणून देतं कोण? मुलगी. पाहुणा कौतुक कुणाचं करतो? तुमचं. खात्याला तुमच्याशी काही घेणं नाही. चहा कुणी केला ते सांगा."

दुसरी चूक आळसाची. मागची सूचना उघडायची, तारीख आणि वजन बदलायचं, नवीन म्हणून पाठवून द्यायची. सगळी ऑफिसं असंच करतात. भिंगरीही करायचा, पण त्याचा एक नियम होता. ज्या मालाची सूचना, त्याच मालाच्या लेबलाचा फोटो समोर हवा. फोटो नाही तर बटणाला बोट नाही. लिहून झालं की तो पायऱ्या उतरून खाली जायचा, इमारतीला एक चक्कर मारायचा आणि परत येऊन सगळं खालून वर वाचायचा. वरून खाली वाचलं की डोळा सवयीने घसरतो, खालून वर चढताना दमतो, आणि दमलेला डोळा नीट बघतो, असं त्याचं म्हणणं.

हा असा का झाला, त्याला कारण होतं मटार. तो नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा गोठवलेल्या मटाराचा एक कंटेनर बंदरावर अडकला. त्या वेळच्या हेडक्लार्कने कारखान्याच्या जागी व्यापाऱ्याचं नाव लिहिलं होतं. खात्याने सूचना धरलीच नाही. पत्रं गेली, उत्तरं आली, आणि त्या पत्रापत्रीत कुणीतरी कंटेनरची वीज काढली. कंपनीचा माणूस म्हणून माल फेकताना हजर राहायला भिंगरीला पाठवलं. दार उघडलं तेव्हा आतून जो वास आला त्याने हमाल मागे सरले. हिरवा चिखल फावड्याने उपसताना त्याने बघितला. हेडक्लार्क त्यानंतर कुणाशी धड बोलला नाही आणि काही महिन्यांत नोकरी सोडून गेला. मटार गेला त्याचं भिंगरीला तितकंसं दुःख नव्हतं. एका रकान्यातल्या एका नावाने चांगला हसता-बोलता माणूस असा विझतो, हे त्याच्या पोटात जाऊन बसलं.

तेव्हापासून हातात काम आलं की पोटात गोळा यायचा आणि खात्याच्या पोर्टलवरून पावती क्रमांक आला की विरघळायचा. साहजिकच त्याला तो क्रमांक लवकरात लवकर हवा असायचा. सूचनेची खिडकी ज्या सकाळी उघडायची त्याच सकाळी त्याची सूचना गेलेली असायची. मालकांना याचा केवढा अभिमान! नवीन गिऱ्हाईक आलं की भिंगरीच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणायचे, "दुसऱ्यांकडे माल दारात आला की कागद शोधतात. आमच्याकडे आधी सूचना जाते, मग तिकडे कारखान्यात भट्टी पेटते."

गिऱ्हाईक हसायचं. भिंगरीही हसायचा.

घरी मात्र कुणी हसत नव्हतं. त्याची बायको दातांच्या दवाखान्यात रोग्यांना वेळा द्यायच्या कामावर होती. संध्याकाळी तो स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या घालायला लागला की ती म्हणायची, "अहो, आमच्याकडे दाढ काढायला आलेला माणूससुद्धा तुमच्यापेक्षा शांत बसतो."

"त्याला माहीत असतं ना, दाढ निघणार म्हणून."

"मग तुमची काढून घ्या एकदा, जी काही आहे ती."

तर अशा या माणसाकडे एक दिवस ताई आल्या. ताई म्हणजे कुठल्या कंपनीच्या मालकीण वगैरे नव्हत्या. त्यांची सात वर्षांची मुलगी जन्मापासून नेहमीचं अन्न पचवू शकत नव्हती. डाळ, दूध, अंडं, गव्हाची पोळीसुद्धा, तिच्या अंगात विष होऊन साचायचं. तिच्यासाठी एक खास पावडर परदेशात बनते, डब्यातून येते, पाण्यात कालवून दिवसातून चार-पाच वेळा द्यायची. आधी एक औषधवाला आणून द्यायचा. त्याने हात वर केले तेव्हा ताईंनी अशाच मुलांची आणखी काही घरं शोधली, सगळ्यांचं मिळून मागवायचं ठरवलं आणि कागदपत्रांचा गठ्ठा घेऊन या ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर म्हणतात औषध, तुमचं खातं म्हणतं अन्न," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी म्हणते चिखल. तुम्ही काय लिहिणार?"

भिंगरी त्या दिवशी पहिल्यांदा कुणासमोर अर्धा तास खुर्चीत बसला. एकेक रकाना त्याने त्यांना समजावला. लेबलाचा फोटो का लागतो तेही सांगितलं. ताई हुशार. दुसऱ्या खेपेपासून फोटो त्याच आधी पाठवायच्या. "दादा, तळाचाही काढायला सांगितलाय," असं वर लिहायच्या. खेपा येत राहिल्या, सुटत राहिल्या.

या वेळी कारखान्याकडून माल निघायला वेळ लागत होता. विमानाचं बुकिंग मात्र झालेलं. ताईंचा फोन आला, त्यात नेहमीची थट्टा नव्हती.

"दादा, घरात विमान येईल त्या आठवड्याच्या रविवारपर्यंतचंच आहे. बाकीच्यांकडेही तेवढंच. दोन घरांनी तर एकमेकांत वाटून घेतलंय. या वेळी अडकायला नको हं."

"अडकेल कसा?" भिंगरी म्हणाला. "मी आहे ना."

फोन ठेवला आणि पोटातला गोळा वर आला. खिडकी त्याच सकाळी उघडली होती. लेबलाचा फोटो आला नव्हता. कारखान्याला विचारलं तर उत्तर आलं, पॅकिंग अजून बाकी आहे, झालं की पाठवतो. भिंगरी खाली गेला, चक्कर मारली, वर आला. आणखी एक मारली. मग त्याने मागच्या खेपेचा फोटो उघडला. तोच कारखाना, तोच डबा, तेच लेबल. सात खेपांत स्वल्पविराम बदलला नव्हता. त्याने सूचना लिहिली, खालून वर वाचली, बिलवालीलाही वाचायला लावली आणि पाठवून दिली. पावती आली. त्या रात्री बायकोने बघितलं, नवरा जेवून सरळ झोपला.

विमान ज्या दुपारी उतरणार होतं, त्या सकाळी ताईंचा मेसेज आला. "निघाले एकदाचे!" सोबत कारखान्याने त्यांना पाठवलेला फोटो, लाकडी फळीवर रचलेली खोकी, भोवती चकचकीत प्लास्टिक. भिंगरीने फोटो मोठा केला. तसं काही कारण नव्हतं, हाताला सवय. पुढच्या रांगेतल्या खोक्यांवर नेहमीच्या कारखान्याच्या गावाचं नाव छापलेलं होतं. मागच्या रांगेतलं एक खोकं थोडं तिरकं ठेवलेलं. त्याच्यावरचं गाव वेगळं होतं.

त्याने मेल तपासली. कारखान्याची अंतिम पॅकिंग यादी आदल्या दिवशीच येऊन पडली होती. त्याने ती उघडलीच नव्हती. त्याच्या लेखी काम संपलं होतं ना! यादीत साधं, सरळ लिहिलेलं: एक यंत्र बंद पडल्यामुळे अर्धा माल आमच्या दुसऱ्या कारखान्यात बनवला आहे.

बिलवालीने वर बघितलं. भिंगरी खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, हालचाल नाही. तिला तेच भयंकर वाटलं.

"काय झालं हो?"

"सूचनेत लिहिलंय सगळा माल एका कारखान्याचा. तो दोन कारखान्यांचा आहे."

"मग बदला की."

"गेलेली सूचना बदलता येत नाही. रद्द करून नवी द्यायची. आणि दुसऱ्या कारखान्याचा ना नोंदणी क्रमांक माझ्याकडे, ना पत्ता. नुसतं गाव."

"त्यांना फोन लावा."

"तिकडे आत्ता मध्यरात्र आहे."

तरी त्याने लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, मग एक यंत्र बोललं, मग तेही थांबलं. बाहेरून मालक आले, काय चाललंय ते ऐकलं आणि हातातली चावी टेबलावर फिरवत म्हणाले, "सूचना स्वीकारलीय ना?"

"हो."

"पावती आहे?"

"आहे."

"मग कशाला विंचवाच्या बिळात बोट घालतोस? एकच कंपनी, एकच डबा. इतक्या वर्षांत कुणी डबा उलटा करून तळ वाचलाय?"

"मी असतो तर वाचला असता."

"तू खात्यात नाहीस, आपलं नशीब!" मालकांचा आवाज खाली आला. ते वाईट माणूस नव्हते. "हे बघ, रद्द केलीस आणि नवी वेळेत गेली नाही, तर विमान उतरेल आणि सूचनाच नसेल. मग तर माल शंभर टक्के अडकेल. आत्ता निदान सुटण्याची शक्यता आहे. विचार कर."

तेच तर तो करत होता. तसंच राहू दिलं आणि कुणी बघितलं नाही, तर संध्याकाळी डबे घरोघरी. कुणी बघितलं, तर सूचना खोटी आणि सगळा माल आला तसा परत. रद्द केली आणि पत्ता मिळाला नाही, तरी माल विमानतळाच्या शेडमध्ये पडून. कुठूनही मोजलं तरी शेवटी रविवार येत होता. नवी सूचना द्यायचीच तर दुपारी बारापर्यंत जायला हवी होती. तो उठला, जिन्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. यात काय ते ठरवायचा हक्क आपल्या एकट्याचा नाही, हे त्याला तिसऱ्या फेरीला सुचलं. त्याने ताईंना फोन लावला.

पलीकडे चमच्याचा आवाज येत होता. पावडर कालवणं चाललं असावं. भिंगरीने न थांबता सगळं सांगितलं. चमचा थांबला.

"पण दादा, फोटो आल्याशिवाय तुम्ही पाठवत नाही. तुम्हीच मला शिकवलंत."

"हो."

"मग?"

"जुना फोटो वापरला."

"का पण? मी तर रविवारपर्यंतचं आहे म्हणून सांगितलं होतं. आजच्या आज करा असं कुठे म्हटलं होतं?"

"नव्हतं म्हटलं. मलाच राहवलं नाही, ताई."

मागून मुलीचा आवाज आला, "आई, चिखल गार होतोय." ताईंनी तिला पेला दिला असावा.

"आता तुमच्यावर ओरडायचं मी नंतर बघते," त्या म्हणाल्या. "तुमचे मालक म्हणतात तसं राहू दिलं तर?"

"सुटेलही. पण पकडलं तर सगळंच्या सगळं परत जाईल."

"आणि तुमच्या मनात काय आहे?"

"खरं लिहावं. पण त्याला दुसऱ्या कारखान्याचा पूर्ण पत्ता लागेल. तो डब्याच्या तळाला छापलेला असतो. तुमच्या घरचे सगळे डबे जुन्या कारखान्याचे."

"माझ्या घरचे, हो. पण त्या देशातल्या आयांच्या घरी असतील की नवे. आमचा ग्रुप आहे, सगळ्या देशांतल्या आयांचा."

"तिकडे रात्र आहे, ताई."

"दादा, आमच्या मुलांना रात्रीही एकदा द्यावं लागतं. तुम्हाला काय वाटलं, त्या झोपल्यात?"

फोन बंद झाला. भिंगरीने नवी सूचना उघडली आणि जेवढं माहीत होतं तेवढं भरायला घेतलं. या वेळी दोन ओळी, प्रत्येक कारखान्याची वेगळी. खोकी किती कुठली, ते यादीत होतंच. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत पत्त्याचा रकाना कोरा, आणि त्यात उभी रेघ उघडझाप करत होती. तो उठला. बिलवाली म्हणाली, "आज खाली जाऊ नका. मेसेज आला तर?" मग तो टेबलाभोवतीच फिरू लागला. मालक काचेआडून बघत होते, दोनदा उठून दारापर्यंत आले आणि परत गेले. ऑफिसातला शिपाई चहा ठेवून गेला, त्याच्यावर साय धरली.

फोन वाजला. फोटो होता. कुणा परक्या स्वयंपाकघरातला ओटा, दिव्याच्या उजेडात चमकणारा डबा, आणि त्या चमकेखाली पत्त्याची शेवटची ओळ गडप. भिंगरीने कपाळाला हात लावला. ताईंचा मेसेज त्यामागोमागच: "तिला पुन्हा काढायला सांगितलंय. बाळ खांद्यावर आहे तिच्या, एका हाताने काढतेय." दुसरा फोटो आला, हललेला. तिसरा आला, आणि त्यात अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. खाली त्या बाईने काहीतरी लिहिलं होतं, ताईंनी त्याचा अर्थ कळवला: डबा चिकट आहे, धुतलेला नाही, माफ करा.

"बिलवाली, तुम्ही वाचा, मी लिहितो."

तिने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, आकडे दोनदा वाचले. नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात त्याने लिहिलं: उपलब्ध नाही, कारखाना बंद असल्याने संपर्क झाला नाही, पूर्ण पत्ता देत आहे. खात्याच्या नियमांत तशी सोय होती. मग आली खरी पायरी. आधी जुनी रद्द करायची की आधी नवी पाठवायची? त्याने नवी पाठवली. पोर्टलवरचं चाक फिरलं, फिरत राहिलं. पावती आली, वेळेत आली. मग त्याने जुनी सूचना उघडली आणि स्वतःच्या हाताने रद्द केली. हिरवी पट्टी करडी झाली.

नव्या पावतीवर मात्र हिरवी पट्टी नव्हती. पिवळी होती. तपासणीसाठी.

"झालं?" मालकांनी दारातून विचारलं.

"नाही. मी शेडवर जातो."

मालकांनी खिशातून गाडीची चावी काढून टेबलावर ठेवली. "रिक्षा शोधत बसू नकोस."

विमानतळामागच्या कार्गो शेडमध्ये विमानाचा आवाज छतातून येतो आणि पायांतून जातो. ताई आधीच येऊन उभ्या होत्या. मुलगी शेजारणीकडे ठेवली होती. खोकी आली, प्लास्टिक कापलं गेलं, आणि खात्याची अधिकारी बाई हातात पावती घेऊन आली. वयाने लहान, चष्मा डोक्यावर ढकललेला.

"सकाळी एक रद्द, एक नवी," ती म्हणाली. "असं का?"

भिंगरीच्या तोंडात दहा उत्तरं आली. कारखान्याची चूक, यंत्र, पोर्टल. त्याने ती गिळली. "पहिली मी माल बनायच्या आधीच पाठवली होती, मॅडम. नंतर माल दुसरीकडे बनला."

तिने चष्मा खाली घेतला. "उशीर का झाला ते सगळे सांगतात. लवकर का झालं ते सांगणारे तुम्ही पहिलेच." मग ती खोक्यांकडे वळली, पुढच्या रांगेतला एक डबा काढला, उलटा केला, वाचला. मागच्या रांगेतला काढला. उलटा केला. बोट ठेवून सावकाश वाचला, पावतीशी ताडला. ताईंनी भिंगरीच्या बाहीला धरलं होतं, ते त्यांच्याही लक्षात नव्हतं.

"पत्ता जुळतोय. पण क्रमांकाशिवाय मागची रांग मी सोडू शकत नाही. पुढची घेऊन जा. मागची इथे राहील, कारखान्याकडून क्रमांक येईपर्यंत."

"मॅडम," भिंगरीने विचारलं, "जुनी सूचना राहिली असती तर?"

"मग पुढची रांगही नसती मिळाली. सूचनाच चुकीची, तर अर्धी खरी कशी धरायची?" एवढं बोलून ती दुसऱ्या फळीकडे गेली. तिथे कुणीतरी माशांच्या पेट्या घेऊन तिची वाट बघत होतं.

अर्धी खोकी मालकांच्या गाडीत चढवली. ताईंनी एक डबा मांडीवर घेतला, जसं काही तो सीटवरून पडून फुटला असता.

"राहिलेले उद्या मिळतील ना, दादा?"

एरवी तो म्हणाला असता, मी आहे ना. जिभेवर आलंही. "माहीत नाही, ताई. क्रमांक आला तर मिळतील. रात्री तिकडचं ऑफिस उघडलं की फोन करतो."

"बरं. मग मलाही कळवत राहा. तुम्ही तिकडे फेऱ्या घाला, मी इकडे घालते." जरा वेळाने त्या म्हणाल्या, "आणि तुमच्यावर ओरडायचं राहिलंय. विसरले नाहीये मी."

"नका विसरू."

क्रमांक दुसऱ्या दिवशी रात्री आला आणि मागची रांग त्याच्या पुढच्या दिवशी सुटली. शनिवार होता. वाटून घेणाऱ्या दोन घरांचे डबे ताईंनी स्वतः पोचवले. रविवारी त्यांनी भिंगरीला फोन केला आणि मनसोक्त ओरडून घेतलं. तो गॅलरीत उभा राहून सगळं ऐकत होता. मध्येमध्ये "बरोबर आहे" म्हणत होता. बायकोने आतून विचारलं, "कोण आहे?" तो म्हणाला, "दाढ काढतायत."

पुढच्या खेपेची खिडकी उघडली तो सोमवार होता. मालक आले, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि सवयीने विचारलं, "ताईंची सूचना गेली?"

"नाही."

"का? सकाळीच जाते ना तुझी?"

भिंगरी खिडकीपाशी उभा होता. कपाळावर घाम होता, हाताची बोटं टेबलाच्या कडेवर वाजत होती. आठवडाभर आता असंच जाणार, हे त्याला कळत होतं, आणि घरी कुणाकडून काय ऐकावं लागणार तेही.

"मालक," तो म्हणाला, "माल अजून बनलेला नाही. मी लिहू काय?"